कोलंबसची सुट्टी आणि आपला ९ ऑगस्ट

प्रश्न : आमच्या पांढरकवड्यात ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक निघते. पिवळे दुपट्टे, ढोल, ‘जय सेवा’चा गजर. या दिवशी सरकारी सुट्टी द्यावी, अशी निवेदनेही जातात. मध्यंतरी मात्र मोबाइलवर एक मजकूर फिरला. ९ ऑगस्ट म्हणे अमेरिकेतल्या इंडियन लोकांच्या कत्तलीचा दिवस. त्याचा संबंध कोलंबसशी आहे; भारताशी काही नाही. तेव्हा आपण तो पाळू नये. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. तो सांगतो, तिकडे ऑक्टोबरात कोलंबसच्या नावाने सुट्टी असते आणि तिच्यावरूनही दरवर्षी भांडण होते. कोलंबस, ९ ऑगस्ट आणि आपण, यांचा खरोखर काही संबंध आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, पांढरकवडा

उत्तर : संबंध आहे गुरुजी, पण मजकुरात सांगितला आहे तो नव्हे. खरा संबंध त्याहून मजेदार आहे. तो समजायचा तर आधी कोलंबसला सुट्टी मिळाली कशी, हे पाहावे लागेल.

क्रिस्तोफर कोलंबस ३ ऑगस्ट १४९२ रोजी स्पेनमधल्या पालोस बंदरातून तीन जहाजे घेऊन निघाला आणि १२ ऑक्टोबरला आजच्या बहामामधल्या एका बेटाला लागला. तिथल्या लोकांच्या तोंडी त्या बेटाचे नाव ग्वानाहानी. आपण आशियाच्या दाराशी, ‘इंडीज’मध्ये पोचलो, अशी त्याची खात्री होती, म्हणून त्याने त्या लोकांना इंडियन ठरवले. त्याने चार सफरी केल्या, पण आज ज्याला आपण अमेरिका म्हणतो त्या देशाच्या मुख्य भूमीवर त्याचे पाऊल एकदाही पडले नाही. तरी सुट्टी त्याच्याच नावाने! ती त्याच्या पराक्रमामुळे मिळाली असती तर चारशे वर्षे थांबावे लागले नसते. ती मिळाली न्यू ऑर्लीन्समधल्या एका झुंडीमुळे.

१८९०च्या सुमारास इटलीतून गरीब माणसे मोठ्या संख्येने अमेरिकेत येत होती. सावळी, कॅथलिक, मोडके इंग्रजी बोलणारी. आधीच्या गोऱ्यांच्या लेखी ती पुरती गोरीसुद्धा नव्हती. न्यू ऑर्लीन्सच्या पोलीसप्रमुखाचा खून झाला आणि संशय इटालियनांवर आला. खटल्यात दोष सिद्ध झाला नाही, तेव्हा १४ मार्च १८९१ रोजी जमाव तुरुंगात घुसला आणि त्याने अकरा इटालियनांना ठार मारले. इटलीने राजदूत परत बोलावला, अमेरिकेला भरपाई द्यावी लागली. दुसऱ्याच वर्षी, १८९२ मध्ये, कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षे पूर्ण होत होती. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी त्यानिमित्त देशभर उत्सवाचा जाहीरनामा काढला. इटालियन समाजाने हे निमित्त घट्ट धरून ठेवले. ज्या देशात आपल्याला उपरे म्हणतात, तो देश ‘शोधणारा’ माणूसच आपला, जिनोआचा. याहून पक्का पुरावा कोणता? १९०७ मध्ये कोलोरॅडो राज्याने सुट्टीचा कायदा केला. १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशपातळीवर दिवस जाहीर केला. १९६८ च्या कायद्याने ती केंद्रीय सुट्टी झाली आणि १९७१ पासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी पाळली जाऊ लागली. तुमच्या पुतण्याला जोडून मिळणारा शनिवार-रविवार-सोमवार तो हाच.

म्हणजे कोलंबसची सुट्टी मुळात अपमान गिळलेल्या स्थलांतरितांनी मागून घेतलेली आहे, हे विसरून तिच्याविषयी बोलणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कमधल्या म्हाताऱ्या इटालियन माणसाला ती सोडवत नाही, यामागे नुसता हट्ट नाही.

पण कोलंबसच्या पदरात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. १४९५ मध्ये त्याने हिस्पॅनिओला बेटावरच्या ताईनो लोकांना पकडून सुमारे पाचशे जण गुलाम म्हणून स्पेनला धाडले. त्यातले दोनशेच्या आसपास वाटेतच मेले. मागे राहिलेल्यांवर त्याने खंडणी बसवली. सोन्याच्या मुलखात राहणाऱ्या चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक लहान घुंगूर भरून सोने आणायचे. आणि जिथे सोने नाही तिथे? यवतमाळच्या वाचकाने इथे जरा थांबावे. तिथे माणशी पंचवीस पौंड, म्हणजे अकरा किलोच्या वर, कापूस. कापूस पिकवणाऱ्याच्या दारात वसुलीला उभा राहिलेला माणूस आपल्या जिल्ह्याला वेगळा समजावून सांगायला नको. पुढच्या पन्नास वर्षांत रोगराई, सक्तीची मजुरी आणि कत्तली यांनी त्या बेटावरचा ताईनो समाज जवळजवळ संपला. हे सगळे आजचे टीकाकार रचून सांगत नाहीत. बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश धर्मगुरू त्याच बेटावर राहिला आणि त्याने हे सोळाव्या शतकातच लिहून ठेवले. खुद्द स्पेनच्या राजाराणीने पाठवलेल्या अधिकाऱ्याने १५०० मध्ये कोलंबसला बेड्या घालून परत नेले होते. वसाहतीतला त्याचा कारभार इतका बिघडला होता.

तेव्हा ज्यांच्या पूर्वजांनी ही खंडणी भरली, त्यांनी या सुट्टीला विरोध करणे ओघानेच आले. आता तुमच्या प्रश्नाची गाठ इथे सुटते. १९७७ च्या सप्टेंबरात जिनिव्हात अमेरिका खंडातल्या मूळ समाजांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तिथे मागणी झाली की १२ ऑक्टोबर, म्हणजे नेमका कोलंबस उतरला तोच दिवस, या समाजांशी एकजुटीचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळावा. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी मूळ समाजांच्या प्रश्नांसाठी एक कार्यगट नेमला. त्याची पहिली बैठक जिनिव्हात ९ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाली. पुढे या समाजांसाठी एक आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर करायचे ठरले. समाजांना हवे होते १९९२, कारण त्या वर्षी कोलंबसला पाचशे वर्षे होत होती. पण काही सरकारांना, त्यात स्पेनही, आपल्या जयंत्यांच्या मांडवात हा निषेध नको होता. म्हणून वर्ष सरकले १९९३ वर. आणि १९९४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने दरसालचा दिवस ठरवला तो १२ ऑक्टोबर नव्हे, त्या पहिल्या बैठकीचा ९ ऑगस्ट.

म्हणजे ९ ऑगस्ट हा कोलंबसचा दिवस नाही. उलट कोलंबसची तारीख टाळून निवडलेला तो दिवस आहे. मोबाइलवरचा मजकूर ज्या कत्तलीचा दाखला देतो, ती घटना खरी आहे. १६१० च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी पास्पाहेघ लोकांच्या गावावर हल्ला केला, बायकापोरांनाही सोडले नाही. पण संयुक्त राष्ट्रांनी तारीख निवडली ती त्यासाठी नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी दिलेले कारण स्पष्ट आहे: कार्यगटाची पहिली बैठक. खऱ्या घटनेला खोटे कारण चिकटवले की अफवा फार दिवस टिकते. हा मजकूरही अजून काही ऑगस्ट पाहील, असा अंदाज आहे.

आणि समजा, तारीख परदेशी आहे. मग? १ मे हा कामगार दिन शिकागोच्या १८८६ च्या आंदोलनातून आला. तो पाळला म्हणून महाराष्ट्र दिन परदेशी झाला नाही. ८ मार्चला जिल्हा परिषदेत हळदीकुंकवापासून व्याख्यानापर्यंत सगळे होते, तेव्हा तारखेचा पासपोर्ट कुणी तपासत नाही. शिवाय ९ ऑगस्ट आपल्याकडे १९४२ पासूनच क्रांतिदिन आहे. शाळेत सकाळी क्रांतिदिन आणि दुपारी आदिवासी दिन असे दोन्ही फलक लागले तर बिघडत काहीच नाही.

या मजकुराच्या मुळाशी एक गंभीर मुद्दाही आहे, तो बाजूला सारणे योग्य नाही. भारतात ‘मूळ’ कोण? २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मूळ समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा मताला आला, तेव्हा १४४ देशांनी बाजूने मत दिले. भारतही त्यात होता. मात्र स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय इथले मूळ आहेत, ही आपल्या सरकारांची भूमिका जुनी आहे आणि पक्ष बदलले तरी ती बदललेली नाही. अमेरिकेत बाहेरचा कोण आणि आतला कोण, हे जहाजाच्या तारखेवरून सांगता येते. आपल्याकडे हजारो वर्षांची सरमिसळ आहे, म्हणून ही भूमिका निव्वळ पळवाट म्हणता येणार नाही. पण एक मराठी माणूस या तुलनेपर्यंत फार आधी पोचला होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्यांना अर्पण केली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत त्यांनी अमेरिकेतल्या इंडियनांवर युरोपीय वसाहतवाल्यांनी केलेल्या क्रौर्याची तुलना आर्यांनी इथल्या मूळ रहिवाशांवर केलेल्या जुलमाशी केली आहे, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. त्यांचा आर्य आक्रमणाचा सिद्धांत आज जसाच्या तसा कुणी इतिहासकार मांडत नाही. पण वंशाचा वाद बाजूला ठेवला तरी, ज्याची जमीन आणि जंगल गेले त्याच्या बाजूने इतिहास वाचायचा, ही पद्धत त्यांची होती. बर्कले शहराने कोलंबसच्या जागी मूळ समाजांचा दिवस आणला १९९२ मध्ये. फुले त्याआधी एकशे एकोणीस वर्षे होते.

अमेरिकेतला हिशेब अजून मिटलेला नाही. साउथ डकोटाने १९९० मध्ये कोलंबसचे नाव काढून मूळ अमेरिकनांचा दिवस आणला. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एकाच दिवसासाठी दोन जाहीरनामे काढले, एक कोलंबसचा आणि एक मूळ समाजांचा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शाळांच्या कॅलेंडरवर इटालियन वारसा आणि मूळ समाज अशी दोन्ही नावे एका चौकटीत बसली. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा जाहीरनामा पुन्हा एकट्या कोलंबसचा गौरव करणारा होता. व्हेनेझुएलाने २००२ मध्ये १२ ऑक्टोबरला मूळ समाजांच्या प्रतिकाराचा दिवस केले. स्पेनचा मात्र तो आजही राष्ट्रीय दिन आहे. आपल्या लोकांचेही या कॅलेंडरात आता काम सुरू आहे. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली ती २०२३ च्या कायद्याने, आणि ती मागणाऱ्यांचा युक्तिवाद जुन्या इटालियनांपेक्षा फार वेगळा नव्हता.

जाता जाता एक योगायोग, योगायोग म्हणूनच सांगतो. हॅरिसन यांनी १८९२ मध्ये उत्सवासाठी जुन्या पंचांगाचा हिशेब करून तारीख ठरवली होती २१ ऑक्टोबर. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, चौतीस वर्षे आधी, चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांनी गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले होते. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात शहीद दिन म्हणून ही तारीख पाळतात. यवतमाळच्या आश्रमशाळेतल्या मुलांना कोलंबसची तारीख पाठ असते. ही तारीख त्यांच्या वहीत यावी.

आणखी एक धागा शिकागोचा. स्वामी विवेकानंद १८९३ मध्ये ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती कोलंबसच्या चारशे वर्षांनिमित्त भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचा भाग होती. मुंबईचे बी. बी. नागरकरही तिथे बोलले. कोलंबसला हिंदुस्थान सापडला नाही. त्याच्या जत्रेत मात्र हिंदुस्थान स्वतः जाऊन पोचला.

*

प्रश्न : वास्को-द-गामाच्या नावाने गोव्यात कधी सुट्टी होती का? आमच्या गावात यावर पैज लागली आहे.
— एक वाचक, वणी

उत्तर : स्वतंत्र भारतात अशी सुट्टी नाही. पैज कुणाची गेली ते तुम्हीच बघा. पण तशी वेळ आली होती, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

वास्को-द-गामा २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ कप्पडला पोचला. १९९८ मध्ये त्याला पाचशे वर्षे झाली. पोर्तुगालने त्या वर्षी लिस्बनमध्ये भव्य जागतिक प्रदर्शन भरवले, आणि भारतासोबत मिळून ही पंचशताब्दी साजरी करावी असा विचार पुढे आला. गोव्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांनी आणि नागरिकांनी त्याला कडाडून विरोध केला. केरळातही निदर्शने झाली. सरकारांनी हात आखडते घेतले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे साधे होते: १५०२ च्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज लुटून, थोडी मुले वगळता माणसांसकट जाळणाऱ्या माणसाचा उत्सव आम्ही का करावा? आणि १९६१ पर्यंत ज्या राजवटीने गोवा सोडला नाही, तिच्यासोबत बसून?

गंमत अशी की गोवा पोर्तुगिजांनी जिंकला तो १५१० मध्ये, आल्बुकर्कने. वास्को तेव्हा पोर्तुगालात होता. तो व्हाइसरॉय म्हणून परतला १५२४ मध्ये आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला कोचीत वारला. तरी शहर त्याच्या नावाचे आहे, रेल्वे स्थानकही, आणि जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीवर त्याचा पुतळा अजून उभा आहे. गोव्याच्या सुट्ट्यांत १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आहे आणि ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आहे. दर्यावर्दी नाही. मला हा निवाडा बरा वाटतो: नावे राहू द्यावीत, इतिहास म्हणून, हार घालायला सरकारने जाऊ नये.

*

प्रश्न : अमेरिकेतून मिरची, बटाटा आला म्हणतात. मग आमचा कापूसही कोलंबसनेच आणला का?
— एक शेतकरी, दारव्हा

उत्तर : नाही. आपल्या उपखंडात कापूस सिंधू संस्कृतीपासून आहे. आणि गंमत म्हणजे कोलंबसला पहिल्याच दिवशी ताईनो लोकांनी बदल्यात दिलेल्या वस्तूंत पोपटांबरोबर सुताचे गुंडे होते, तसे त्याच्या रोजनिशीत आहे. म्हणजे दोन्हीकडे कापूस आधीपासून होता, फक्त जात वेगळी. वऱ्हाडात पूर्वी लावत ते देशी वाण. आज तुमच्या शेतात आहे तो बीटी संकर अमेरिकन जातीचा. ती जात इथे रुजवायचे प्रयत्न ईस्ट इंडिया कंपनीने १८४० च्या दशकात केले, अमेरिकेहून मळेवाले आणून. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावलेली शकुंतला रेल्वे त्याच ओढीतून आली. मिरची, भुईमूग, मका, पपई यांचे उपकार मात्र अटलांटिकपलीकडचे, आणि ते इथे आणण्यात पोर्तुगिजांचा हात मोठा.

*

प्रश्न : मी झरी जामणी तालुक्यात शिकवते. आमच्या पोडांवरची मुले विचारतात की ९ ऑगस्टला आपल्याला सुट्टी का नाही. सरकार आता १५ नोव्हेंबरला जनजातीय गौरव दिवस पाळते. मग ९ ऑगस्टची मागणी सोडून द्यावी का?
— एक शिक्षिका

उत्तर : सोडू नये. कारण सांगतो, पण आधी सुट्टी म्हणजे काय ते पाहू.

महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्ट्या जाहीर होतात त्या १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याखाली. तो कायदा मुळात हुंड्या आणि धनादेशांचा, म्हणून ती सुट्टी बँकेला आणि कचेऱ्यांना लागते. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कपाशीत निंदण चालू असते, डवरणी असते, पाठीवर फवारणीचा पंप असतो. त्या मजुराला सुट्टी कुणी देत नाही आणि देणारही नाही. म्हणजे आपण मागतो ती एका दिवसाची विश्रांती नाही. सरकारच्या यादीतले एक नाव मागतो. हे एकदा मान्य केले की चर्चा प्रामाणिक होते.

आता ती यादी बघा. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गांधी जयंती, महावीर जयंती, बुद्धपौर्णिमा, गुरुनानक जयंती, ईद, नाताळ, गुड फ्रायडे. पारशी नववर्षही आहे, आणि असावेच. ज्यांनी मुंबई उभी करायला हात लावला त्यांची संख्या मोजत बसणे हलकेपणाचे. पण मग २०११ च्या जनगणनेत राज्यात एक कोटी पाच लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांहून जास्त असलेल्या आदिवासींचा त्या यादीत स्वतःचा एकही दिवस नाही, याचे उत्तर काय द्यायचे? यवतमाळ जिल्ह्यात तर हे प्रमाण साडेअठरा टक्क्यांच्या आसपास आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध. यातले कोलाम हे केंद्राच्या अतिमागास आदिम जमातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती, त्यातली एक आपल्या जिल्ह्यात मोठ्या संख्येने राहते.

१५ नोव्हेंबरचे म्हणाल तर तो दिवस चांगलाच आहे. बिरसा मुंडा १५ नोव्हेंबर १८७५ रोजी जन्मले, इंग्रजांच्या तुरुंगात ९ जून १९०० रोजी, वयाची पंचविशी गाठण्याआधीच वारले. केंद्राने २०२१ मध्ये त्यांची जयंती गौरव दिवस ठरवली, यात चूक काहीच नाही. पण एक फरक आहे. १५ नोव्हेंबर सरकारने आदिवासींना दिलेला दिवस आहे; ९ ऑगस्ट लोकांनी स्वतः उचललेला आहे. गौरवाच्या दिवशी हार घालतात, ९ ऑगस्टला निवेदन देतात: वनहक्काचा दावा पडून आहे, पेसा कायद्याची ग्रामसभा कागदावर आहे, आश्रमशाळेत शिक्षक नाही. एका दिवसाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे ज्यांना वाटते, त्यांना बहुधा निवेदने नको असतात. छत्तीसगडने २०१९ मध्ये ९ ऑगस्टची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली होती, तेव्हा आभाळ कोसळले नाही.

माझे मत विचाराल तर शाळेला मात्र पूर्ण कुलूप नको. १५ ऑगस्टला झेंड्यासाठी मुले येतात, तशी ९ ऑगस्टला सकाळी यावीत. ढेमसा नाच व्हावा, शेडमाके यांची गोष्ट व्हावी, १९३० मध्ये पुसदच्या रानात गवत कापून लोकनायक बापूजी अण्यांनी केलेल्या जंगल सत्याग्रहाची गोष्ट व्हावी, आणि हवी तर कोलंबसचीही, ताईनोंच्या बाजूने सांगितलेली. मग घरी जावे.

राज्याची यादी बदलणे मुंबईच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल. पण जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करण्याचा अधिकार असतो. नागपूरकर मारबतीची मिरवणूक बघतात ती अशाच सुट्टीच्या भरवशावर. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव आणि तुमचा झरी जामणी, या भागात अनुसूचित क्षेत्रातली गावे आहेत, तिथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने वजन आहे. प्रत्येक ग्रामसभेने एक ओळीचा ठराव करावा: ९ ऑगस्टला जिल्ह्यात स्थानिक सुट्टी द्यावी. ठरावाची एक प्रत पांढरकवड्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवून पोच घ्यावी. स्थानिक सुट्ट्यांचा आदेश साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतो. तेव्हा ऑगस्टमध्ये नव्हे, दिवाळीनंतर लगेच कामाला लागा.